आकडा कमी आला

वेल्हे, शनिवार, १३ एप्रिल १९७४

सकाळची शाळा सुटल्यावर एसटीनं भोरला डॉक्टरांकडे जाऊन आले. पुण्याहून आलेला रक्ताचा रिपोर्ट आठवडाभर माझ्याकडेच पडून होता. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा आकडा कमी होता. घरमालकीण पारूबाईंची साखर कमी आली की त्या पेढे वाटतात, म्हणून मीही कमी म्हणजे चांगलंच असं धरून बसले. मग वाटलं, आजार नाही, तर हा नुसता आळसच. सासूबाई म्हणायच्या तेच खरं.

डॉक्टर म्हणाले, "अहो बाई, कमी आहे हाच आजार. म्हणून थकवा, म्हणून उन्हाळ्यात स्वेटर." रोज एक गोळी घ्यायची, बहुतेक जन्मभर.

परतले तर पारूबाई ओट्यावर. "चैतात सुटर घालून कुठं गेलता, बाई?"

"भोरला," म्हटलं आणि आत आले.

हाच स्वेटर. हा घालून भरदुपारी झोपते म्हणून सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं होतं. मी आळशी नव्हते. आता हे सांगायचं कुणाला? आईसुद्धा राहिली नाही.

दार लावून एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं, "मी आळशी नव्हते." या आजारानं आवाज इतका घोगरा झालाय, दुसरंच कुणी बोलल्यासारखं वाटलं. बरं वाटलं.