कापलेले खोकले

प्रिय दादा,

कालपासून हे पत्र तीनदा सुरू केलं आणि दोनदा फाडलं. मध्येच उठून कुंड्यांना पाणी घालून आले, सकाळीच घातलेलं असूनही. रोज चार तास आपण एकाच काचेच्या अल्याडपल्याड बसतो, तू वाचतोस, मी रेकॉर्ड करते, मग पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईलच. सांगते, पण मला क्रमानं सांगू दे, नाहीतर मी पुन्हा उठेन.

परवा तू घरी गेल्यावर तुझी बोलती पुस्तकं वर्षानुवर्षं ऐकणाऱ्या त्या बाईंचा फोन आला. त्याच, डोळे गेल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या. मला वाटलं, इतरांसारखं आवाज भारदस्त झाल्याचं कौतुक करणार. त्या म्हणाल्या, "ते हल्ली वाक्याच्या मध्येच श्वास घेतात हो. पूर्वी अख्खा परिच्छेद एका दमात जायचा. बरे आहेत ना?" मी म्हटलं, अगदी मजेत. फोन ठेवला आणि जागेवर बसवेना. खोकला मला रेकॉर्डिंगमधून कापता येतो, श्वास नाही. ज्या बाईंनी तुला कधी पाहिलं नाही त्यांना कळलं, आणि मी रोज समोर बसून काय करत होते?

काय करत होते ते डायरीत आहे. रोज किती खोकले कापले ते मी लिहून ठेवते, आणि तू म्हणतोस, "धाकटे, तू एक दिवस शिंकांचीही जनगणना करशील." केली बघ. प्रवासवर्णनाच्या वेळी तासाला चार खोकले होते. चरित्राच्या वेळी अकरा. आता कादंबरीला सव्वीस. पाच महिने मी आकडे नीट मांडले आणि एकदाही त्यांच्याकडे एकत्र पाहिलं नाही. कापाकापी इतकी सफाईची की संध्याकाळी कानावर यायचा तो ठणठणीत माणसाचा आवाज. माझ्याच कामाला मी फसले. खरंच फसले, की मला फसायचंच होतं? हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणखीही सापडलं. 'दादाचा आवाज बसलाय, गार पाणी बंद.' 'उजवा खांदा दुखतो, खुर्ची बदलली.' 'पट्ट्याला नवं भोक पाडलं, म्हणतो फुकटात बारीक झालो.' त्या भोकावर आपण दोघं किती हसलो होतो. प्रत्येक गोष्टीला आपल्याकडे कारण तयार असायचं. तू जन्मात सिगारेट ओढली नाहीस, त्यामुळे तो एक शब्द माझ्या डोक्याच्या आसपासही फिरकला नाही.

काल डायरी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. पेशंटशिवाय आलेली पाहून त्या आधी हसल्या, मग वाचता वाचता मागची पानं उलटून पुन्हा पाहू लागल्या. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, बसलेला आवाज, दम लागणं, खांदा, उतरलेलं वजन. म्हणाल्या, यातल्या एकेकाला साधं कारण असू शकतं, पण सगळं एकत्र आलं की घरी बसून अंदाज बांधायचे नाहीत. आधी छातीचा एक्स-रे, गरज वाटली तर स्कॅन. फुप्फुसाचा कॅन्सर न ओढणाऱ्यांनाही होतो. तोच आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. पण नाही म्हणायचं तर तपासून म्हणा, एवढंच. आणि लवकर कळलं तर करण्यासारखं पुष्कळ असतं.

आता पत्र का, ते. मंगळवारी पानाच्या कडेला लाल ठिपका दिसला तेव्हा तू म्हणालास, लाल पेन. दादा, आपल्याकडे फक्त पेन्सिली आहेत. मग कबूल केलंस की खोकल्यातून रक्त पडलं, दोनदा. आणि माझ्याकडून शब्द घेतलास की वहिनीला मी सांगणार नाही. मी तो मोडलेला नाही, डॉक्टरीणबाईंना सांगितलं ते वेगळं. पण घरी आलेलं प्रत्येक पत्र तू चहाच्या वेळी वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवतोस, आणि आधी नजर फिरवून मग वाचणं तुला लबाडी वाटते. तेव्हा आता थांबू नकोस, थांबलास तरी उपयोग नाही, ती समोरच बसली असेल. वहिनी, येत्या गुरुवारी सकाळी दहाची एक्स-रेची वेळ घेतली आहे. मी साडेनऊला खाली येऊन थांबते. त्याला घेऊन या.

तुझीच, दिलेला शब्द पाळणारी,
धाकटी