आधी मर्दाना, मंग जनाना

प्रिय मोठ्या बाई,

आज दवाखान्यात पुन्हा एका खाटेच्या पायाला लाल दोरा बांधला. तुम्ही गेल्यापासून त्या रिळाला हात लावला न्हवता, म्हणून तुम्हालाच लिहून राह्यले. दुसऱ्या कोणाला सांगू?

मंठा गावाहून आलेली बाळंतीण आहे. काल चांगली बोलत होती, आज हुडहुडी भरलीय. शेजारच्या खाटेवर माझी धाकटी बहीण गोदी. तिला कळा सुरू झाल्यात.

आठवतं का, जिला ताप, तिच्या खाटेला तुम्ही दोरा बांधायच्या अन् ताप कोणत्या वाटेनं सरकतो ते बघत राहायच्या? आष्टीच्या एका सासूला तो दृष्टीचा दोरा वाटला. तिनं ठणठणीत सुनेच्या खाटेला बांधला, मंग बाकीच्यांनीही. बघता बघता साऱ्या खाटा लाल! तुम्ही कपाळाला हात लावून हसलात अन् पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

शेवटी सापडलं. डाक्टरसाहेबांचा फेरा आधी मर्दान्यात, पुरुषांच्या पिकलेल्या जखमांवर. मंग जनान्यात, बाळंतिणींकडे. हात बुडवायचं भांडं, ती चिलमची, तीच, पाणी तेच. साहेब हैदराबादला गेले, की तुम्ही फेरा जनान्यातून सुरू करायच्या अन् नवा दोरा लागायचा न्हाई.

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "मर्दाना पहले, यही दस्तूर है. आता बाई मला शिकवणार?" तुम्ही वाद घातला न्हाई. चिलमची जनान्याच्या दारात आली, की पाणी ओतून द्यायच्या अन् ताजं भरायच्या.

अन् स्वतःचं चिरलेलं बोट तेवढं विसरलात. मर्दान्यातली पट्टी बदलताना तेच विष तुमच्यात शिरलं. तुमच्या खाटेला दोरा मी बांधला, बाई. इतकं सगळ्यांकडे बघणाऱ्या तुम्ही, स्वतःकडे का न्हाई बघितलंत?

आता हेड नर्स मी आहे. खुर्ची तुमची मिळाली, छाती न्हाई मिळाली. यंदा विहीर आटली अन् साहेबांचा हुकूम निघाला, पाणी वाया घालवायचं न्हाई. तेव्हापासून चिलमची तशीच आत येते.

संध्याकाळचा फेरा मर्दान्यात सुरू झालाय. साहेबांचे बूट ऐकू येऊन राह्यलेत.

घरून भरलेली घागर आणून मी जनान्याच्या दारात ठेवलीय. नोकरी गेली तर जाऊ दे. ते पाणी ओतल्याशिवाय आज कोणाचाही हात गोदीपर्यंत पोचू देणार न्हाई, हा माझा शब्द.

पण सकाळच्या फेऱ्यात साहेबांनी त्याच पाण्यात हात बुडवून गोदीला तपासलं होतं. रीळ अजून माझ्या खिशातच आहे.

तुमच्या हाताखालची,
शेवंता