काचेच्या कपाटातली बाहुली

मी, खाली सही करणारी, लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातली निवृत्त डॉक्टर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. हृदय थकलं आहे, डोकं नाही. शंका असेल त्याने येऊन वाद घालून बघावा.

१. राहतं घर माझ्या पश्चात यजमानांचं, त्यांच्यानंतर लेकीचं. या माणसाने जन्मभर माझं गार झालेलं जेवण कुरकुर न करता पुन्हा गरम केलं. लेकीने "बाबा, आता आमच्याकडेच चला" म्हणून त्यांना भंडावू नये.

२. ठेवी निम्म्या लेकीला, निम्म्या वॉर्डातल्या संशोधनाला. दागिने नाहीतच, तेव्हा त्यावरून रुसवेफुगवे नकोत.

३. आमच्या विभागातल्या भूलतज्ज्ञांना काहीही ठेवलेलं नाही. छाती दाबण्याच्या सरावाची बाहुली मी वॉर्डाच्या दारात मांडली, तेव्हा "बाई, या वयात भातुकली?" असं ते सगळ्यांदेखत म्हणाले होते. पुढे हेच गृहस्थ येता-जाता तिची छाती दाबताना दिसले. त्यांना माझी चांगली छत्री देणार होते, पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार, आणि साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकील म्हणतात. बरंच झालं.

४. आता मुख्य गोष्ट, ती बाहुली. हृदय बंद पडलेल्या मुलाची छाती जोर लावून, खोलवर दाबावी लागते. आमच्या संशोधनात पुन्हा पुन्हा हेच दिसलं, की समोर लेकरू असलं की भल्याभल्यांचे हात हलके पडतात. माया आडवी येते. शिवाय सराव तुटला की काही महिन्यांत हात शिकलेलं विसरतात. म्हणून बाहुली दारात होती. डॉक्टर, नर्स, सफाईच्या मावशी, जो जाईल त्याने दाबूनच पुढे जायचं.

मी निवृत्त झाले आणि नव्या विभागप्रमुखांनी, म्हणजे माझ्या लाडक्या विद्यार्थ्याने, आमच्या धांदल्याने, ती काचेच्या कपाटात ठेवली. वर कुलूप. खाली माझ्या नावाची पितळी पाटी! विचारलं तर म्हणतो, "मॅडम, तुमची आठवण आहे. हाताळून खराब होईल."

अरे गधड्या, खराब व्हायलाच आणली होती ती! तू मला पोटच्या मुलासारखा, म्हणून स्पष्ट सांगते. ती कपाटात राहिली, तर त्याची किंमत कुणाच्या तरी लेकराला मोजावी लागेल. बाहुली माझ्या पगारातून घेतलेली, माझ्या मालकीची आहे. ती मी तुला देत आहे, कपाटाला नाही. पाटी काढून टाक.

५. मी गेल्यावर वॉर्डात शोकसभा घ्याल, हे मी जाणून आहे. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू नका. ती दोन मिनिटं बाहुलीची छाती दाबा. एकाचे हात थकले की दुसऱ्याने पुढे व्हावं. सुरुवात धांदल्याने करावी. रडत केली तरी चालेल, पण हलकं दाबायचं नाही. आणि मध्येच आतून एखाद्या लेकरासाठी हाक आली, तर मला तिथेच सोडून पळा. मी कुठे जात नाही.

(सही)

साक्षीदार:
१. भूलतज्ज्ञ (कलम तीन वाचून, हसत सही केली)
२. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई

स्थळ: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: ३ मार्च २०२५