प्लास्टरातला पाय आणि जाळीचा गळपट्टा

श्रीरामपूर,
मार्गशीर्ष, शके १८७०

तीर्थरूप सौ. नीलांबरीताईस,

धाकट्या नृसिंहाचा, प्लास्टरातला डावा पाय वगळून उरलेल्या अंगांनी नमस्कार. तुझा दमा आणि भावजींचा संताप, दोन्ही या थंडीत बेतानं असतील अशी आशा आहे.

ताई, मी विणतो! सायकलवरून पडल्यामुळे माझी शाळा बंद, विजया बाळंतपणाला सोनईला. (मुलगी झाली. नाक माझ्यावर गेलंय म्हणे. बिचारी!) आडवं पडून आढ्याकडे किती बघणार? कोनाड्यात विजयाचा गळपट्टा सुयांसकट अर्धवट पडलेला दिसला. डाळिंबी, हळदी आणि मोरपंखी लोकरीचा. ओसरीवर ती मुलींना शिकवायची तेव्हा घोकून घ्यायची, "दोरा पुढे, दोन टाके एकत्र, दोरा पुढे." आत पेपर तपासता तपासता ते माझ्या कानात पाढ्यासारखं बसलेलं. तेच पुटपुटत सुया हाती घेतल्या आणि संध्याकाळपर्यंत चक्क जाळी पडू लागली! ती उजेडात धरून पाहिली तेव्हा मॅट्रिक पास झाल्यावरसुद्धा झाला नव्हता इतका आनंद झाला. आता बारशाला हा विजयाच्या गळ्यात घालायचा आणि तिचं तोंड बघायचं, एवढा एकच ध्यास!

दूध घालायला आलेल्या रतनबाईनं पाहिलंच. "मास्तर, मासं धरायचं जाळं इनताय व्हय?" कुणाला सांगू नका म्हटलं, म्हणून तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं आणि त्याला बघायलाच घेऊन आली. (सहादेव म्हणजे दाराएवढा गडी, मिशा कानापर्यंत.) त्यानं गळपट्टा उचलला आणि सरळ मानेभोवती गुंडाळला. "लई ऊब हाय!" म्हणत वळला, तोच सुई निसटून टणकन फरशीवर! टाके भराभर उसवायला लागले. "सहादेवराव, हलू नका! श्वासही बेतानं घ्या!" मी ओरडलो. तो खांबासारखा उभा, रतनबाई त्याच्या मिशा बाजूला धरून, आणि मी एका पायावर त्याच्या गळ्यापाशी एकेक टाका सुईवर चढवतोय! सगळे वाचले, ताई! सहादेव हळूच म्हणाला, "मास्तर, मला बी एक इना. पर रंग ह्येच पायजेत."

विजयाला यातलं अक्षरही कळवू नकोस.

तुझा,
नृसिंह

ता. क. बारसं येत्या रविवारी. गळपट्टा तयार आहे.

आणखी ता. क. तयार म्हणजे, सुरुवात विजयाची होती, मधलं मी शिकलो. पण टाके बंद करून विणणं संपवायचं कसं, हे मला ठाऊकच नाही. त्यामुळे थांबता येत नाही. गळपट्टा खाटेवरून उतरून उंबऱ्याकडे निघालाय. उलट टपाली युक्ती कळव. नाहीतर लोकर तरी पाठव, मोरपंखी संपत आलीय.