कांदाकिंगचा निरोप

३ एप्रिल, गुरुवार

घेतला. गेमचा कन्सोल. वय वर्षं बावन्न.

इरा बारा वर्षांची असताना मागत होती, तेव्हा मी तिला मानवी अंगठ्याच्या अधोगतीवर व्याख्यान दिलं होतं. आता ती पुण्याला नोकरीला आहे, मेमध्ये आठ दिवस घरी येणार, आणि बापाला उपरती झाली. तीही सेकंडहँड.

नाशिक रोडच्या एका मुलीकडून आणला. सृष्टी नाव. जाहिरातीत लिहिलं होतं, 'भावाचा आहे. कधीकधी बंद पडतो.' तिने दार अर्धंच उघडलं आणि पिशवी हातात दिली.

"भाऊ खेळत नाही का आता?"

"नाही."

"शहाणा झाला म्हणायचं."

हसली नाही. विनोद कळला नसावा. माझ्या वाचकांचंही असंच होतं, सवय आहे.

४ एप्रिल

बावीस मिनिटं चालतो. मग आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो आणि सगळं काळं. ज्योत्स्ना म्हणाली, "तुमच्या सदरासारखंच. सुरुवात बरी असते."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. माझी शस्त्रं माझ्यावरच चालवते.

७ एप्रिल, सोमवार

आधीच्या मालकाचं खातं तसंच आहे — 'हर्षल ९६'. बहिणीने काढलं नाही आणि मला काढता येत नाही. संध्याकाळी सात वाजता पडद्याच्या कोपऱ्यात निरोप आला. पाठवणारा — कांदाकिंग!

'आज पन नाय का?'

त्याच्या वर आणखी दोन दिसले. 'हायेस का.' 'काल पन वाट पाह्यली.' अजूनही असावेत, पण पंखा ओरडायला लागला होता. असेल कुणी उनाड पोरगा, खेळायला गडी मिळत नसेल. गप्प बसवलं नाही. रिमोटने एकेक अक्षर टिपत लिहिलं — 'येतो. तोवर भाव पडू देऊ नका महाराज.'

पाठवलं आणि काळं.

आज दिवसभरात लिहिलेलं सगळ्यात चांगलं वाक्य हेच. सदरात वापरायला हवं.

८ एप्रिल

आता चालूच होत नाही. दिवा लागतो, विझतो, संपलं.

१० एप्रिल, गुरुवार

शेखरकडे नेला. हा कॉलेज रोडवरच्या गाळ्यात बसतो, भिंगाच्या दिव्याखाली, डॉक्टरपेक्षा कमी बोलतो. उघडून म्हणाला, "साहेब, पंखा गेलाय, सप्लाय जळालाय. विकून टाका, पार्टसाठी कोणीही घेईल."

"आणि दुरुस्त करायचा तर?"

"करतो की. पण सप्लायने बोर्डही नेलाय, इथला जुना टाकला तर आतलं सगळं पुसलं जाईल. न पुसता पाहिजे तर पार्ट मुंबईहून मागवायचा, खर्च दुप्पट. तुमचं काय आहे त्याच्यात?"

माझं काहीच नाही, म्हणालो. विचार करून सांगतो.

१२ एप्रिल, शनिवार

सृष्टीचा फोन.

"काका, तुम्ही त्या गेमवरून कुणाला काही पाठवलंत का?"

'काका'वर एक टोमणा जिभेवर आला होता. तिचा आवाज ऐकून गिळला.

हर्षल गेल्या वर्षी गेला. सिन्नर रस्त्यावर, मोटरसायकल. अठ्ठावीस वर्षांचा. कांदाकिंग म्हणजे तिचे वडील — रावजी, नांदगावला असतात, कांद्याची शेती. हर्षल फोन उचलायचा नाही, पण गेमवर हमखास सापडायचा. म्हणून त्यानेच वडिलांच्या मोबाइलवर गेमचं ॲप बसवून दिलं होतं. नावही त्यानेच ठेवलेलं. बाप रोज सातला तिथे विचारायचा, जेवला का. पोरगा गेला तरी लिहिणं थांबलं नाही.

"एकोणीस तारखेला वर्षश्राद्ध आहे, रामकुंडावर. सगळं ठरलं होतं. बाबांनी परवा गुरुजींना फोन करून नको म्हणून सांगितलं. म्हणतात, पोरगा येतो म्हनला, मंग पिंड कोनाचा? काका, अग्नी त्यांनीच दिलाय हो."

"यंत्र विकलंय, हे सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. म्हणाले, तुला नाय कळायचं. तो मला असाच टोचायचा, कांद्याच्या भावावरून."

फोन ठेवल्यावर आठवलं, दारात मी तिला काय म्हणालो होतो ते. शहाणा झाला म्हणायचं.

१३ एप्रिल

शेखरला 'विकून टाक' सांगायला तीनदा फोन काढला. यंत्र गेलं की पुरावा गेला, आणि पुरावा नसला की माणूस निर्दोष. पुढाऱ्यांबद्दल हे मीच किती वेळा लिहिलंय.

दुपारी जेवण गेलं नाही. टीव्ही बंद होता तरी त्याच्या कोपऱ्याकडे सारखं लक्ष जात होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

नांदगावला जाऊन आलो. निघताना ज्योत्स्ना म्हणाली, "जा. आणि तिथे हुशारी करू नका."

रावजी ओट्यावर बसले होते. हडकुळे, सदऱ्याच्या खिशात मोबाइल. त्यांची बायको, गोजराबाई, दारात लसूण सोलत होती. मी पाणीही न पिता बोलून टाकलं. ते मी लिहिलं. थट्टा केली. मला माहीत नव्हतं.

त्यांनी मोबाइल काढून ते वाक्य माझ्यापुढे धरलं.

"हे तुमचं?"

"माझं."

"भावाचंबी?"

"तेही."

किती तरी वेळ अंगठ्याने काच पुसत राहिले.

"लय त्याच्यावानी लिवलं तुमी."

पंचवीस वर्षं लिहितोय. इतकी भयंकर दाद कुणी दिली नव्हती.

मग म्हणाले, "शनिवारी करतो मी त्याचं. पन मशीन इकू नका. नीट करा, आन् त्याचं नाव पुसू नका. मी लिवीन तिथं. तुमी उत्तर देऊ नका." मोबाइल खिशात ठेवला. "उत्तर आलं तर मला परत थांबावं लागंल."

देणार नाही, म्हणालो. शपथ त्यांनी मागितली नाही, तरी घेतली.

गोजराबाईंनी चहा आणून ठेवला. शेवटपर्यंत वर पाहिलं नाही.

परत येताना स्टँडवरूनच शेखरला फोन केला — मुंबईहून मागव, पुसायचं काही नाही. तो म्हणाला, "साहेब, निरोप पाहायचे तर मशीन कशाला लागतंय? ते खात्यावर असतात." बरोबर असेल. नांदगावला हे सांगणारा मी नाही.

१९ एप्रिल, शनिवार

सृष्टीचा निरोप — 'झालं. बाबांनी केलं सगळं.'

दिवसभर गोदावरीच्या बाजूला फिरकलो नाही.

२३ एप्रिल, बुधवार

कन्सोल घरी आला. सातला उमटलं — 'शनिवारी तुझं केलं. जेवला का?'

दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. ज्योत्स्नाने उठून टीव्हीचा आवाज बंद केला. आवाज नव्हताच.

२४ एप्रिल

'हिरीचं पानी तळाला गेलं. जेवला का?'

पंखा आता अजिबात ऐकू येत नाही. बंदही पडत नाही. बिघडलेला होता तेव्हा बावीस मिनिटांत सुटका तरी व्हायची. इराचा फोन आला होता, बाबा, गेम कुठला घेतलाय? म्हटलं, अजून नीट चालत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

दुपारी साडेतीनलाच निरोप. लिहिलेला नाही, आवाज. बाईचा, दबका.

"हर्षल, मी हाय. हे मळ्यात गेलेत, फोन घरी इसरले. मला लिव्हता-वाचता येत नाय, म्हनून बोलते. जेवला का रे?"

मी लिहिलं, जेवलो.

निरोप गेल्यावर मग कळलं. वाचून घ्यायला ती रावजींकडेच जाणार.