वाणाच्या बाटल्या आणि माझं तोंड

चारकोप, मंगळवार

तीर्थस्वरूप रुक्मिणीअक्का,

धाकट्या सुगंधाचा तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार, डाव्या गुडघ्याला जरा हळूच. गुडघा कसा आहे? वर्षभर धडधाकट असतो आणि नेमका संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत धरतो, असा गुडघा मी कुठे पाहिला नाही. मुलुंडला थंडी जास्त म्हणतेस, पण आमच्याकडे काय तंदूर लावलाय? असो. आम्ही सगळे ठीक. फोन न करता पत्र का, असं विचारशील. फोनवर हळदीकुंकवाचा ह काढला की तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि तू ठेवतेस. पत्राला कुकर लागत नाही. आमचा निलेश शुक्रवारी ऑफिसच्या कामाला तुमच्याकडे येतोय, त्याच्या हाती देते. शेवटपर्यंत वाच. मध्येच सोडलंस तर तुला माझी शपथ.

तर झालं असं की गेल्या वर्षी मी वाण म्हणून प्लास्टिकच्या साबणदाण्या लुटल्या होत्या. गुलाबी, झाकणाच्या, चांगल्या होत्या गं. आठ दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या शर्मिष्ठाकडे हळदीकुंकवाला गेले, तर तिने माझ्या ओटीत काय घालावं? माझीच साबणदाणी! कोपऱ्यावरचा चरा मी ओळखला. वर म्हणते कशी, तुमच्यासाठी मुद्दाम वेगळा रंग ठेवला हो. माझं डोकं असं तापलं की विचारू नकोस. तेव्हाच ठरवलं, यंदा असं वाण द्यायचं की कोणाच्या बापाला पुढे सरकवता येणार नाही.

इथे आमची सूनबाई रुचिरा मध्ये पडली. (मुलगी गुणाची आहे, पण वांद्र्याच्या त्या काचेच्या ऑफिसात जायला लागल्यापासून घरातल्या प्रत्येक वस्तूकडे संशयाने बघते.) म्हणाली, आई, प्लास्टिक वाटणं बंद. पाण्याच्या बाटल्या द्या, वर्षानुवर्षं वापरता येतील अशा, पण सुरक्षित हव्यात. आता बाटली सुरक्षित म्हणजे काय, ती काय चावते? पण नाही. प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला म्हणे त्रिकोणात आकडा असतो, आणि त्यावरून ते प्लास्टिक कोणत्या जातीचं ते कळतं. हे तिने मला सांगितलं असतं तर ठीक होतं. तिने आमच्या ह्यांच्यासमोर सांगितलं. तुझ्या ह्या मेहुण्यांना, गुणाजीरावांना, रिटायर झाल्यापासून काम हवंच होतं. जिथे जातील तिथे बाटली उचलायची आणि बूड बघायचं. शेजारच्या मीराकडे चहाला गेलो, तर फ्रिजमधली भरलेली बाटली ह्यांनी तिच्या नव्या सोफ्यावर उलटी केली. झाकण सैल होतं. तिचा सोफा वाळेपर्यंत आमच्याकडे साखर मागायला आली नाही, तेवढाच फायदा.

मग परीक्षा सुरू झाल्या. काचेची बाटली आणली, ती दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या दारातून सटकली. मी अजून चप्पल घालून स्वयंपाक करते. बांबूची मागवली, तिला आठवड्यात अशी बुरशी धरली की हे म्हणाले कुंडीत लावूया. तांब्याची आणली, दिसायला झकास. पण ह्या गृहस्थाने तिच्यात गावच्या आगळाचं कोकम सरबत भरलं आणि रात्रभर ठेवलं! अगं, बिनकल्हईच्या भांड्यात आंबट ठेवू नये हे आईने आपल्याला परकरात असताना शिकवलंय. ह्यांच्या आईने बहुतेक ह्यांना फक्त जेवायला शिकवलं. सकाळी फेरफटक्याला जाताना घटाघटा प्यायले आणि नॅशनल पार्कच्या गेटावरून रिक्षा करून जे परत आले, ते पुढे दिवसभर मला बाथरूमच्या दारातूनच दिसले.

राहिलं स्टील. रुचिरा म्हणाली, चांगल्या स्टीलला सहसा लोहचुंबक चिकटत नाही. हे लगेच आमच्या फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती खिशात घालून बोरीवलीच्या भांडीवाल्याकडे निघाले, मागून मी. दुकानात प्रत्येक बाटलीला गणपती लावून बघायचा. चिकटला की माल हलका. पण देवाला ओढून कसं काढायचं, म्हणून दर वेळी आधी हात जोडायचे. तिथली गिऱ्हाईकंही आपापले डबे घेऊन रांगेत उभी राहिली, आणि एका बाईने तर खाली अकरा रुपये ठेवले. दुकानदाराने कपाळाला हात लावला. शेवटी ज्यांना गणपती लागेना अशा बाटल्या निघाल्या. आत रंग नाही, झाकणसुद्धा स्टीलचं, तोंड रुंद, हात घालून घासता येईल अशा. अक्का, बाटल्या खरंच सुंदर आहेत.

आता पुढचं ऐक, आणि हसू नकोस. ह्या बाटल्या पुढे सरकू नयेत म्हणून मी प्रत्येकीवर जिचं तिचं नाव घालून घ्यायचं ठरवलं. दुकानात नावं घालणारा चंद्रप्रकाश म्हणून एक जण आहे, यंत्र घेऊन कोपऱ्यात बसतो. त्याने विचारलं, काकी, काय काय घालू? मी म्हटलं, मी बोलते तसंच्या तसं घाल, स्वतःचं डोकं चालवू नकोस. (हे मी म्हटलं. नाही कशाला म्हणू?) आणि मग मी नावं सांगायला लागले. पण तुला माझी सवय माहीत आहे. माझ्याच्याने नुसतं नाव कधी घेतलंय? यंत्र टर्रटर्र करत होतं, मी बोलत होते, हे कौतुकाने बघत होते. घरी येऊन ह्यांनी चष्मा लावून एकेक बाटली मोठ्याने वाचली तेव्हा कळलं, वाट लागली.

'सौ. मीरा उसनी साखर नेणारी.' 'सौ. रश्मी लिफ्टचं दार उघडं टाकते.' 'सौ. सपना स्वभावाने बरी आहे पण पोहे कच्चे.' आणि हाइट म्हणजे, 'सौ. शर्मिष्ठा साबणदाणीवाली हिला जराशी चेपलेली चालेल.' सगळं सुवाच्य अक्षरात, खाली नक्षी काढून.

नाव घातलेलं भांडं दुकानदार परत घेत नाही. घासून अक्षरं जात नाहीत, चरे पडतात. वरून स्टिकर लावूया म्हटलं, तर रुचिरा म्हणते तेही प्लास्टिकच. निलेश हसून हसून लोळला, त्याचा काही उपयोग नाही. रथसप्तमी रविवारी. आमंत्रणं गेलीत. ह्या बाटल्या अशाच दिल्या तर ही सोसायटी मला उभी करणार नाही, आणि नाही दिल्या तर शर्मिष्ठा जिंकली. मी दोन दिवस जेवले नाही. (पोहे खाल्ले. सपनाकडचे.)

मोठ्यांना नमस्कार लिहावा तर तुमच्याकडे आता मोठी तूच. तुलाच पुन्हा एकदा.

तुझी,
सुगंधा

ता. क. उपाय सापडलाय. जुन्या साड्यांच्या खोळी. बाटलीला वरून घट्ट खोळ घातली की अक्षरं झाकली जातात, रुचिराही खूश. साड्या मी काढून ठेवल्यात. पण मला शिवता येत नाही, माझा तो पाचवीतला रुमाल तुला आठवत असेल. भावोजी गेल्यापासून तुझं मशीन चादरीखाली पडून आहे, असं निलेश सांगत होता. मशीन घेऊन त्याच्याच गाडीत बस आणि शुक्रवारीच ये. दोन दिवसांचं काम आहे.

ता. क. दोन. हे म्हणतात, धुवायला खोळ काढतील तेव्हा वाचतीलच. वाचू देत. तोवर माझे तिळगूळ पोटात गेलेले असतील.

ता. क. तीन. खोळींचं निमित्त आहे गं. रविवारी तू यायलाच हवीस. आणि शिवायला म्हणून येशील आणि बायका आल्या की आतल्या खोलीत जाऊन बसशील, तेही चालायचं नाही. पहिलं हळदीकुंकू तुला लावणार. कोणी नाक मुरडलं तर तिच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मी मोठ्याने वाचून दाखवीन. तुझीही बाटली घेतलीय. चंद्रप्रकाशने विचारलं, सौ. घालू? मी नाही म्हटलं. मग विचारलं, श्रीमती? त्यालाही नाही म्हटलं. तो म्हणाला, मग पुढे काय? आणि खरं सांगते अक्का, सगळ्यांविषयी एवढं बोलले, तुझं नाव घेतलं आणि तोंडातून पुढे शब्दच फुटेना. म्हणून त्या बाटलीवर नुसतं 'रुक्मिणी' आहे. तेवढ्या एका बाटलीला खोळ शिवू नकोस.