वर्तुळं न उमटलेली जागा

थेरगाव, २८ ऑगस्ट २०२५

प्रिय दीक्षावहिनीस मैत्रीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझा फोन बंदच असतो. दादा अपघातात गेल्याची बातमी त्याच फोनवर आली, म्हणून तू तो चालू करत नाहीस हे कळतं मला. तेव्हा पत्रच लिहिते. आई बरी आहे. फक्त चहा करताना अजून दादाचा कप काढते आणि मग मला दोन कप प्यायला लावते.

आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. परवा तिथे काय सापडलं ते सांगते. आमचं काम दादाने तुला सांगून सांगून कंटाळा आणला असेल. गाडीचा दरवाजा घडवताना पत्रा किती ताणला की फाटेल, हे कॉम्प्युटरवर आधी पाहायचं. मग खऱ्या पत्र्यावर बारीक वर्तुळं छापून तो प्रेसखाली दाबायचा. वर्तुळं लांबट होतात, ती मोजली की आपला अंदाज खरा की खोटा ते कळतं. छापायचं काम दादाचं होतं, आणि हातमोजे तो कधी घालायचा नाही. मोज्यातून पत्रा कळत नाही म्हणे.

त्याने छापलेला शेवटचा पत्रा परवा मिळाला. एका कोपऱ्यात वर्तुळं उमटलेलीच नाहीत. हाताचं तेल लागलं की तिथे छाप धरत नाही. ती कोरी जागा अंगठ्याएवढी आहे, रेषांसकट. प्रेसवर असतात ते भीमराजभाऊ बघून म्हणाले, की नागसेन अजून धरून उभा आहे. हा पत्रा लवकरच दाबायचा आहे, म्हणून तुला कळवलं.

हॉस्पिटलमधली तुझी रजा सप्टेंबरअखेर संपते. आता वाढवून मिळणार नाही म्हणतात. वहिनी, ये गं. माझ्यावरची माया आहे तशीच ठेव.

तुझी,
मैत्री


उदगीर, ३ सप्टेंबर

प्रिय मैत्रीस सप्रेम जय भीम.

पत्र पोचलं. आईंना कप काढू दे. तुला चहा दोन कप लागतोच, उगाच आईंच्या नावावर खपवू नकोस.

तो पत्रा मात्र दाबू नकोस. कारण सांगते, हसू नकोस. डांगे चौकात रस्ता ओलांडताना नागसेन माझा डावा खांदा धरायचा. अंगठा मागून रुतायचा, आणि पलीकडे पोचलो तरी सोडायचा नाही. मी माहेरी आल्यापासून रोज दिवेलागणीला ओट्यावर बसले की तो अंगठा येतो. तिथेच, तेवढाच जोर.

भ्रम म्हण हवं तर. मी नर्स आहे, अशा माणसांना काय समजावतात ते मला पाठ आहे. पण मी इथून उठले आणि तो परत आलाच नाही तर? म्हणून मी येत नाही. नोकरी गेली तर जाऊ दे.

तेवढं माझं ऐक. आईंना जपा, आणि मला विसरू नका.

तुझी,
दीक्षावहिनी


थेरगाव, १० सप्टेंबर

प्रिय वहिनीस सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, आणि ते वाचूनही मी आज तो पत्रा दाबला. त्या मालातला तेवढा एकच उरला होता आणि साहेब मागे लागले होते. पण मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. मी म्हटलं नाही.

तू त्या ओट्यावर आयुष्य काढशील याची मला भीती वाटली. आणि कॉम्प्युटर सांगत होता, की त्या कोपऱ्यात पत्रा ताणला जाईल, पण फाटणार नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. वाटलं, अंगठा जरा लांबट होईल, इतकंच. मग तो तुकडा कापून तुला देता येईल, तू जाशील तिथे तुझ्याबरोबर राहील.

शेडमधले दिवे नुकतेच लागले होते. भीमराजभाऊंनी प्रेस खाली घेतला. पत्रा फाटतो तेव्हा एरवी आवाज येतो, आज काहीच ऐकू आलं नाही. बाहेर काढला तर सगळी वर्तुळं कॉम्प्युटरने सांगितली तशीच लांबलेली, अगदी शेजारचीसुद्धा. फक्त अंगठ्याच्या मधोमध चीर गेली होती. भीमराजभाऊ टोपी काढून उभे राहिले. असं का झालं ते मला सांगता येत नाही, आणि मी फार घाबरले आहे.

भंगारात जाऊ दिला नाही, माझ्या टेबलाखाली ठेवलाय. रागाव माझ्यावर, पण दोन ओळी लिही.

तुझी,
मैत्री


उदगीर, ११ सप्टेंबर

प्रिय मैत्रीस सप्रेम जय भीम.

काल दिवेलागणीला अंगठा आला नाही. अंधार झाला तरी मी ओट्यावरून उठले नाही. खांदा इतका हलका लागत होता, की मीच दुसऱ्या हाताने दाबून पाहिला. आजही नाही आला.

रात्रभर रडले. मग तुझा पत्रा आठवला आणि जिवात जीव आला. इथून गेला तरी तिथे आहेच की तो. तू माझं ऐकून पत्रा बाजूला ठेवला असशील, तुझ्यावर तेवढा भरवसा आहे माझा.

उद्या सकाळच्या गाडीने निघते. हे पत्र मागून येईल, मी आधी पोचेन. आल्यावर चहाबिहा नको, आधी मला कंपनीत घेऊन चल. त्या कोऱ्या जागेला मला एकदा खांदा टेकवायचा आहे.

बाकी भेटीत. तुझा लोभ आहे म्हणूनच येते आहे.

तुझी,
दीक्षावहिनी